घाटासाठी ई-सायकल घेताना: किलोमीटर नको, चढ मोजा

शोरूममध्ये ई-सायकलीच्या हँडलला लटकवलेल्या चिठ्ठीवर तीन आकडे ठळक असतात: २५० वॉट, ताशी २५ किलोमीटर आणि ‘एका चार्जमध्ये ६० किलोमीटर’. पहिले दोन कायद्यातून आलेले, म्हणून जवळजवळ सगळ्याच सायकलींवर तेच. तिसरा बहुतेक वेळा सपाट रस्ता, हलका माणूस आणि सगळ्यात कमी असिस्ट (मोटरची मदत) धरून काढलेला. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चढायचं असेल किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठायचं असेल, तर या तीन आकड्यांवरून दोन सायकलींमधली बरी कोणती ते कळत नाही. ते कळतं बॅटरीच्या वॉट-अवरवरून (तिच्यात मावणाऱ्या ऊर्जेवरून), मागच्या चाकावर पडणाऱ्या जोरावरून, सगळ्यात हलक्या गिअरच्या दात्यांवरून आणि ब्रेकच्या चकतीवरून. यातलं बरंचसं चिठ्ठीवर नसतं, विचारून घ्यावं लागतं.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची ‘तीस मिनिटांची शक्ती’ २५० वॉटपेक्षा कमी, मोटरचा वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतच आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत असेल, आणि अधिकृत चाचणी संस्थेकडून हे तपासलेलं असेल, तर ती सायकल मोटार वाहन धरली जात नाही. नोंदणी नाही, लायसन्स नाही. ऑनलाइन मिळणारे ५०० किंवा ७५० वॉटचे किट बसवले की ही सवलत संपते. अपघात झाला तर विम्याचा आणि नुकसानभरपाईचा प्रश्न उभा राहतो.

या व्याख्येतले ‘तीस मिनिटांची’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मोटर अर्धा तास न तापता किती शक्ती देऊ शकते त्याचा हा आकडा. दोन-चार मिनिटांसाठी ती त्याहून बरीच जास्त देते. कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला वीज सोडणारी डबी) ३६ व्होल्टवर १५ अँपिअर सोडणारा असेल तर बॅटरीतून ५४० वॉट खेचले जातात, ९ अँपिअरचा असेल तर ३२४. दोन्ही सायकलींवर ‘२५० वॉट’च लिहिलेलं असतं, घाटात मात्र त्या दोन वेगळ्या सायकली असतात. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो कंट्रोलर किती अँपिअरचा आहे हा. दुकानदाराला माहीत नसेल तर कंट्रोलरच्या डबीवर छापलेलं असतं.

चढाचा हिशेब

एक आकडा पाठ करून ठेवा: १०० किलो वजन १०० मीटर उंच न्यायला २७ वॉट-अवर लागतात. हे शुद्ध भौतिकशास्त्र आहे, कोणत्याही कंपनीला त्यात सूट नाही. वजन म्हणजे तुम्ही, सायकल, सॅक आणि पाणी, सगळं मिळून. ७५ किलोचा माणूस, २४ किलोची सायकल आणि ६ किलो सामान धरलं तर १०५.

मोटर आणि कंट्रोलर मिळून बॅटरीतली पाव ते एक तृतीयांश ऊर्जा उष्णतेत घालवतात. त्यामुळे थ्रॉटल (स्कूटरसारखी मूठ) पिळून नुसतं बसून गेलात तर दर १०० मीटर चढाला, दर १०० किलोमागे, बॅटरीतून ३७ वॉट-अवर जातात. अर्धं काम पायांनी केलंत तर साधारण २०. टायरच्या घर्षणापोटी दर किलोमीटरला पेडल मारत असाल तर २ आणि थ्रॉटलवर असाल तर ४ वॉट-अवर आणखी धरा.

बॅटरीचे वॉट-अवर काढायला व्होल्ट गुणिले एएच (अँपिअर-अवर). आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ३६ व्होल्टच्या बॅटऱ्यांचं असं होतं: ५.८ एएच म्हणजे २०९, ७.८ एएच म्हणजे २८१, १०.४ एएच म्हणजे ३७४ वॉट-अवर. यातले ८५ टक्केच हाताशी आहेत असं समजा.

आता सिंहगडाचा डांबरी रस्ता घ्या. पायथ्यापासून गाडीतळापर्यंत साधारण ६०० मीटर चढ, नऊ-दहा किलोमीटर अंतर. १०५ किलोसाठी अर्धं-अर्धं काम केलं तर सुमारे १४५ वॉट-अवर लागतील, नुसत्या थ्रॉटलवर २७० च्या आसपास. म्हणजे ५.८ एएचची बॅटरी पेडल मारणाऱ्याला वर पोचवेल, पण थ्रॉटलवाल्याला अर्ध्या-पाऊण वाटेत उतरवेल. ७.८ एएचचीही तीच गत, जरा पुढे जाऊन. १०.४ एएचची थ्रॉटलवर कशीबशी पुरते. आणि हा हिशेब सायकल पायथ्यापर्यंत गाडीने नेली तर. पुण्यातून चालवत आलात तर आधीच खर्च झालेली बॅटरी यातून वजा करा.

पोलादपूर ते महाबळेश्वर हे दुसरं टोक: जवळपास १,३०० मीटर चढ आणि चाळीसेक किलोमीटर. मन लावून पेडल मारलं तरी साडेतीनशे वॉट-अवर जातात. अशा रस्त्यांसाठी ५०० वॉट-अवरच्या खालची बॅटरी घेऊ नये, नाहीतर जोडीला दुसरी बॅटरी बाळगावी.

कोकणातला मामला फसवा आहे. नकाशावर सागरी रस्ता समुद्राला चिकटून जाताना दिसतो, पण तो एका खाडीतून सड्यावर चढतो आणि सड्यावरून पुढच्या खाडीत उतरतो. एकेक चढ शंभर मीटरच्या आसपासचा, पण उभा. दिवसात अशा पाच-सहा खाड्या ओलांडल्या की सिंहगड चढून झालेला असतो, तेही कुठेही ‘घाट’ अशी पाटी न दिसता. म्हणून अंतर बघू नका. कोमूट किंवा राइड विथ जीपीएससारख्या अॅपमध्ये तुमचा नेहमीचा रस्ता आखा आणि एकूण चढाचा आकडा घ्या. बॅटरी त्याच आकड्यावरून निवडायची.

मोटर चाकात की पेडलजवळ

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या जवळजवळ सगळ्या सायकलींत मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या डब्यात असते. पेडलच्या अक्षाजवळ बसणारी मिड-ड्राइव्ह मोटर महाग पडते; चांगल्या सायकलीची किंमत लाखाच्या पुढे जाते. पैसे कुठे मोजायचे आणि कुठे नाही हे समजायला थोडं गणित पुन्हा करावं लागेल.

हब मोटरचा टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) ४० न्यूटन-मीटर असेल आणि चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर, तर रस्त्यावर मिळणारा जोर ४० भागिले ०.३५, म्हणजे ११४ न्यूटन. १०५ किलो वजन सात टक्के चढावर मागे खेचतं ते ७२ न्यूटनने, दहा टक्क्यांवर १०३ न्यूटनने. त्यात टायरचं घर्षण दहा न्यूटन. म्हणजे ही मोटर दहा टक्क्यांच्या चढावर तिच्या अगदी टोकाला पोचलेली असते, आणि टोकाला ती फार वेळ राहू शकत नाही.

कारण वेग. हब मोटर सपाटीवरच्या ताशी २५ किलोमीटरसाठी गुंडाळलेली असते. चढावर वेग आठवर आला की ती तिच्या सोयीच्या वेगाच्या एक तृतीयांशावर फिरते आणि घेतलेल्या विजेचा मोठा हिस्सा तारा तापवण्यात घालवते. चाकाच्या आत बंद असल्यामुळे तिला वारा लागत नाही. पंधरा-वीस मिनिटं असं चाललं की आतली नायलॉनची गिअरचाकं मऊ पडून दाते झिजतात, नाहीतर मोटर कुठवर फिरली ते ओळखणारा हॉल सेन्सर जातो आणि मोटर कुरकुर करत झटके द्यायला लागते. बऱ्याचदा दोष मोटरच्या दर्जाचा नसतोच, तिला फार हळू फिरवल्याचा असतो. हब मोटर घेणाऱ्याने घाटात वेग ताशी दहा-बाराच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि जात असेल तर असिस्ट वाढवण्याऐवजी पायांचा जोर वाढवायचा. तेही जमेना तर थांबून दहा मिनिटं मोटर निवू द्यायची.

मिड-ड्राइव्ह मोटरचा जोर चेनवरून जातो, म्हणून सायकलीचे गिअर तिलाही मिळतात. ८५ न्यूटन-मीटरची मोटर, पुढे ३४ दाते आणि मागे ४६ असतील तर चाकावर ११५ न्यूटन-मीटर पडतात. तीच मागे ११ दात्यांवर असेल तर जेमतेम २७. उभ्या चढावर वेग सहावर आला तरी हलक्या गिअरमुळे मोटर तिच्या आवडत्या गतीनेच फिरत राहते. बॉश परफॉर्मन्स लाइन सीएक्स आणि शिमानो ईपी८ या मोटरी ८५ न्यूटन-मीटरच्या, शिमानो ई६१०० साठची. सड्यावरच्या उभ्या चढांना आणि कच्च्या रस्त्यांना साठसुद्धा पुरतात, गिअर योग्य असेल तर.

किंमत चेन मोजते. माणसाचा आणि मोटरचा मिळून सगळा जोर तिच्यावर येतो, त्यामुळे घाटात वापरली तर दोनेक हजार किलोमीटरमध्ये बदलायची तयारी ठेवावी लागते. चेन मोजायचं पट्टीसारखं हत्यार स्वस्त मिळतं, ०.५ चा काटा आत गेला की चेन बदला, तेवढ्यावरच भागतं. ०.७५ पर्यंत थांबलात तर कॅसेटही (मागच्या दातेरी चक्र्यांचा संच) जाते. आणि जोर लावलेला असताना गिअर टाकायचा नाही. चढ दिसला की आधीच हलका गिअर घ्यायचा. ऐन चढात बदलावा लागला तर क्षणभर पायाचा दाब सोडायचा. चेन तुटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

आमचं मत: वजन ८० किलोच्या आत, चढ पाच-सात टक्क्यांचे आणि महिन्यातून दोन-चारदाच जायचं असेल तर गिअर नीट करून घेतलेली हब मोटर पुरेशी आहे. गावच उतारावर वसलेलं असेल, रोजचा उभा चढ असेल किंवा वजन नव्वदच्या वर असेल तर मिड-ड्राइव्हसाठी थांबून पैसे जमवणं शहाणपणाचं. पुढच्या चाकात मोटर असलेली सायकल घाटासाठी घेऊच नये. चढावर वजन मागे सरकतं, पुढचं चाक हलकं होतं, आणि पावसात शेवाळलेल्या कडेला किंवा खडीवर ते जागच्या जागी फिरतं.

हबमध्येही दोन जाती आहेत. आत गिअर असलेली मोटर लहान आणि हलकी असते, आणि बंद असताना चाक मोकळं फिरू देते. गिअर नसलेली मोठ्या ताटाएवढी, पाच-सहा किलोची. ती उतारावर बॅटरी भरते म्हणून विकली जाते. डोंगरात बॅटरी भरण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण परत मिळतात ते पाच-दहा टक्के, आणि हळू चढताना हीच मोटर सगळ्यात वाईट. महाबळेश्वरात राहून सकाळी पूर्ण चार्ज करून खाली निघणाऱ्याला तर त्याचा काडीचा उपयोग नाही. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालता येत नाही, ऐन उतारावर तिचं सुरक्षा सर्किट ती नाकारतं आणि मोटरचा ब्रेक अचानक सुटतो.

गिअर, म्हणजे बॅटरी संपल्यावरची सायकल

बॅटरी कधीतरी घाटात संपणारच. तेव्हा पंचवीस किलोची सायकल नुसत्या पायांनी चढवता आली पाहिजे, निदान सहा-सात टक्क्यांवर. एकच गिअर असलेल्या ई-सायकली शहरात छान चालतात. डोंगरात त्यांचा विचारही करू नका.

सात गिअरच्या हब सायकलींवर सहसा पुढे ४२ दात्यांचं चेनव्हील आणि मागे १४ ते २८ चं फ्रीव्हील (आट्यांवर बसणारा चक्र्यांचा संच) असतं. सगळ्यात हलका गिअर ४२ भागिले २८, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक दीड वेळा फिरतं आणि सायकल ३.३ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे म्हणजे ताशी बारा किलोमीटर. सात टक्के चढावर या वेगाला पावणेतीनशे वॉट लागतात. रोज व्यायाम करणाऱ्यालाही ते पाच-दहा मिनिटांपलीकडे झेपत नाही. पुढे ३४ आणि मागे ३४ केलं की तेच साठ फेरे ताशी आठ किलोमीटरवर येतात आणि गरज दोनशेच्या खाली उतरते. दमछाक होईल, पण चढाल.

हा बदल कोणत्याही बऱ्या सायकल दुकानात होतो, मात्र चार गोष्टी बघून. हब मोटरवर बहुधा आट्यांचं फ्रीव्हील बसतं, कॅसेट नाही. १४ ते ३४ चं सात गतींचं फ्रीव्हील वेगळं मागावं लागतं. मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दाते घेणारा आहे ना ते पाहा. २८ पुरताच असेल तर वरची छोटी पुली मोठ्या चक्रीला घासते. चेनची लांबी नव्याने मोजा, जुनी तशीच ठेवली तर मोठ्या चक्रीवर ताणून डिरेलर मोडतो. पुढचं चेनव्हील क्रँकला रिव्हेट केलेलं असेल तर अख्खा क्रँकसेट बदलावा लागतो. सगळं मिळून खर्च बॅटरीच्या किमतीपुढे नगण्य आहे, आणि घाटासाठी याहून फायद्याचा खर्च दुसरा नाही.

मिड-ड्राइव्ह किट बसवणारेही इथेच चुकतात. बाफांग बीबीएस०२ सारख्या किटबरोबर ४४ किंवा ४६ दात्यांचं चेनव्हील येतं. ते तसंच ठेवलं तर मिड-ड्राइव्हचा मुख्य फायदाच जातो. अॅडॉप्टर लावून ३४-३६ दाते करा, आणि पहिल्या मुद्द्यातला कायदा ध्यानात ठेवा.

सेन्सरबद्दल थोडक्यात. स्वस्त सायकलींत पेडल फिरतंय की नाही एवढंच कळणारा चुंबकांचा सेन्सर असतो. उभ्या वळणावर थांबून पुन्हा निघताना पेडलचा अर्धा फेरा होईपर्यंत मोटर झोपलेली असते, आणि नेमका तोच अर्धा फेरा मारता येत नाही. अशा सायकलीला थ्रॉटल हवाच, निघण्यापुरता. पायाचा दाब मोजणारा टॉर्क सेन्सर असेल तर मोटर लगेच हात देते, बॅटरीही कमी खाते. ढकलत नेताना मदत करणारा ताशी सहा किलोमीटरचा ‘वॉक मोड’ आहे का तेही विचारा.

बॅटरीतली मेख

मोठी बॅटरी लांब जाण्यासाठी, एवढंच सगळे समजतात. घाटात तिचं दुसरं काम जास्त मोलाचं आहे. ५.८ एएचच्या बॅटरीत सेलच्या दोन रांगा समांतर असतात. मोटरने १५ अँपिअर मागितले की प्रत्येक सेलवर साडेसात अँपिअरचा ताण. त्या ताणाखाली व्होल्टेज कोसळतं, डिस्प्लेवरच्या पाच काड्या एका मिनिटात दोनवर येतात, आणि बॅटरीत तीस टक्के शिल्लक असतानाही साधारण ३०-३१ व्होल्टला सर्किट सगळं बंद करतं. थांबलात की काड्या परत वर येतात. मग बॅटरी खराब आहे म्हणून तक्रार होते, पण ती खराब नसते, लहान असते. चार रांगांच्या बॅटरीत तोच ताण प्रत्येक सेलवर पावणेचार अँपिअरचा राहतो, आणि ती शेवटच्या काडीपर्यंत साथ देते. म्हणून डिस्प्लेवर काड्यांऐवजी व्होल्ट दिसत असतील तर उत्तम: पूर्ण भरलेली ४२, मध्यावर ३६ च्या आसपास, चढावर ३३ दिसले की असिस्ट एक पायरी खाली आणा.

विकत घेताना सेल कोणत्या बनावटीचे, बॅटरी वेगळी काढून घरात नेता येते का, आणि तीन वर्षांनी तीच बॅटरी मिळेल का, हे विचारून पावतीवर लिहून घ्या. फ्रेमच्या पोटात बसणाऱ्या खास आकाराच्या बॅटऱ्या दिसायला सुंदर असतात. मॉडेल बंद पडलं की मात्र पंचाईत.

सोबत येणारा चार्जर बहुधा दोन अँपिअरचा असतो, १०.४ एएच भरायला साडेपाच-सहा तास लागतात. वाटेतल्या ढाब्यावर तासभर लावून वीसएक टक्के मिळतील, म्हणजे नुसत्या थ्रॉटलवर दीडशे-दोनशे मीटरचा चढ. उन्हातून आल्या आल्या किंवा पत्र्याच्या शेडमध्ये तापलेली बॅटरी चार्जला लावू नका. ४५ अंशांच्या वर लिथियम सेलना चार्जिंग सोसत नाही. पावसाळ्यात दोन-तीन महिने सायकल उभी राहणार असेल तर बॅटरी निम्मी भरून, काढून, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी पुष्कळदा दिवाळीत जागीच होत नाही.

उताराला विसरू नका

चढताना लागलेली ऊर्जा उतरताना कुठेतरी जायलाच हवी. सिंहगडाच्या ६०० मीटरची ती १७० वॉट-अवर भरते. वारा आणि टायर त्यातला काही भाग खातात, उरलेला ब्रेकच्या चकत्या तापवतो. गंमत अशी की जितकं हळू उतराल तितका वाऱ्याचा वाटा कमी आणि ब्रेकचा जास्त. खड्डे, शेवाळ आणि धुकं असलेल्या घाटात हळूच उतरावं लागतं, म्हणून जपून चालवणाऱ्यालाच मोठे ब्रेक लागतात.

केबलचे डिस्क ब्रेक आणि १६० मिलिमीटरच्या चकत्या ही मध्यम सायकलींवरची नेहमीची जोडी. त्यात एकाच बाजूचं पॅड सरकतं, आणि लांब उतारावर पॅड झिजेल तसा लिव्हर हँडलकडे येत जातो. दर उतारापूर्वी केबलचा अॅडजस्टर फिरवून लिव्हर निम्म्या वाटेत घट्ट होतो का ते पाहा. जमेल तर हायड्रॉलिक घ्या, पुढे १८० किंवा २०३ ची चकती. पॅड दोन प्रकारचे मिळतात: रेझिनचे शांत असतात, पण तापले की पकड सोडतात आणि पावसाळी चिखलात साबणासारखे झिजतात, सिंटर्ड धातूचे जास्त टिकतात, थोडे किंचाळतात. घाटात सिंटर्ड. चकतीवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं कोरलेलं असेल तर मात्र तिला सिंटर्ड लावू नका, आधी चकती बदला.

ब्रेक सतत घासत ठेवून उतरू नये. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग पाडायचा, मग सोडून द्यायचे, चकतीला निवायला वेळ मिळतो. लिव्हर दाबताच मोटर बंद करणारे कटऑफ स्विच दोन्ही ब्रेकना आहेत का तेही तपासा.

पाऊस, टायर, तारा

सह्याद्रीत सायकल पावसात भिजणार हे गृहीत धरूनच घ्यायची. आयपीएक्स४ म्हणजे उडणारे थेंब सोसणारी, आयपी६५ म्हणजे पाण्याचा फवारा, आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. बॅटरी ६७ ची असली तरी कंट्रोलर आणि डिस्प्ले कितीचे हे स्वतंत्र विचारा. जाहिरातीत बॅटरीचाच आकडा असतो. चार्जिंग पोर्टचं रबरी झाकण घट्ट बसतं का ते बोटाने पाहा. धुताना प्रेशर पंप वापरू नका, बादली आणि फडकं. कोकणातल्या खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. त्यांना वर्षातून दोनदा डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

टायर २७.५ इंची आणि २.१ ते २.४ रुंद, दाब वजनाप्रमाणे ३५ ते ४५ पीएसआय. चार इंची फॅट टायर फोटोत रुबाबदार दिसतात, पण डांबरी चढावर ती जाडी तुमच्याच बॅटरीतून जाते. हब मोटरच्या चाकाच्या तारा १३ किंवा १२ गेजच्या हव्यात. साध्या १४ गेजच्या असतील तर लादलेल्या सायकलीच्या तारा मोटरच्या बाजूने तुटत जातात.

चाचणी कशी घ्यायची

शोरूमपुढच्या सपाट रस्त्यावर मारलेली चक्कर निरुपयोगी. पुण्यात कात्रजचा जुना घाट, कोल्हापुरात पन्हाळ्याची वाट, असा खरा चढ निवडा. नेहमीची सॅक पाठीवर घ्या.

१. मोटर पूर्ण बंद करून सगळ्यात हलक्या गिअरमध्ये दोनशे मीटर चढा. हेच जमलं नाही तर पुढचं काही बघायची गरज नाही, किंवा गिअर बदलून द्यायची अट घाला.

२. चढाच्या मध्यावर थांबा आणि पुन्हा निघा. थ्रॉटल न वापरता किती वेळाने मोटर हात देते ते मोजा.

३. सगळ्यात जास्त असिस्टवर सलग दहा मिनिटं चढा. उतरून हबच्या कवचाला जपून हात लावा. पाच सेकंद हात ठेवता आला नाही तर तुमच्या वजनाला ही मोटर कमी पडते.

४. त्या दहा मिनिटांत डिस्प्लेवरच्या काड्या किंवा व्होल्ट किती पडले आणि थांबल्यावर किती परत आले ते लिहून घ्या.

५. त्याच उताराने खाली येताना मध्येच पूर्ण थांबा. थरथर, किंचाळणं, हँडलपर्यंत येणारा लिव्हर, काहीही असलं तर ते आत्ताच सांगायचं.

६. सायकल उचलून दहा पायऱ्या चढा. फेरीबोटीत चढवताना किंवा दरडीने अडलेल्या रस्त्यावरून पलीकडे नेताना एवढं करावंच लागतं.

सायकल घरी आल्यावर पहिल्याच दिवशी नव्या पॅडना सरावू द्या: ताशी वीसवरून पाचवर असे वीस वेळा ब्रेक मारा, पूर्ण न थांबता. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर मागच्या चाकाच्या तारा मेकॅनिककडून एकसारख्या ताणून घ्या, आणि मोटरच्या एक्सलचे नट व टॉर्क आर्म (एक्सल फिरू न देणारी पट्टी) तपासा. नट सैल राहिला तर एक्सल खाचेत फिरतो आणि मोटरची केबल पिळून तुटते. ती जोडायला सायकल बऱ्याचदा कंपनीकडे पाठवावी लागते. बहुतेक हबना १८ मिलिमीटरचा पाना लागतो. तो, दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप आणि प्लॅस्टिकचे केबल टाय सॅकमध्ये असू द्या. मागचं पंक्चर काढताना आधी मोटरच्या केबलचा कनेक्टर सरळ ओढून सोडवायचा, पिळायचा नाही. परत जोडताना त्यावरचे बाण समोरासमोर आणायचे, मग दाबायचं.